दर सोमवारी साडेसात: कॅलेंडर ॲप नेमकं काय लक्षात ठेवतं?

मार्चचा दुसरा आठवडा उजाडला की सोमवारची संध्याकाळी साडेसातची मीटिंग साडेसहाला येते. पुण्या-ठाण्यात बसून अमेरिकेतल्या टीमबरोबर काम करणाऱ्यांना हे आता पाठ झालंय. इथलं घड्याळ कुणी हलवलेलं नसतं. तिकडे मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात. २०२६ मध्ये तो रविवार ८ मार्चचा. युरोप हेच काम महिन्याच्या शेवटच्या रविवारी करतो, म्हणजे २९ मार्चला. मधले तीन आठवडे पुणे, लंडन आणि न्यूयॉर्क अशी तिहेरी मीटिंग असेल तर ग्रुपवर 'आज कितीला आहे रे?' हा प्रश्न ठरलेला.

गंमत अशी की त्याच ॲपमधली दुसरी एखादी साप्ताहिक मीटिंग जागची हलत नाही. ती इथे साडेसातलाच राहते आणि न्यूयॉर्कच्या माणसाला नऊऐवजी दहाला दिसू लागते. ॲप तेच, वार तोच, आदल्या आठवड्यापर्यंत वेळही तीच. मग एक सरकली आणि दुसरी का नाही?

कारण ॲप वेळ साठवत नाही, नियम साठवतं, आणि घड्याळ कुणाचं हेही त्या नियमातच लिहिलेलं असतं. कॅलेंडर, अलार्म, कर्जाचे हप्ते, वर्गणीची आपोआप वसुली, या सगळ्यांतले बहुतेक घोळ या एका मुद्द्याशी येऊन थांबतात. तो नीट उलगडू.

पुढच्या सगळ्या तारखा लिहून का ठेवत नाहीत?

'दर सोमवारी साडेसात' अशी नोंद केली की ॲपने पुढच्या सगळ्या सोमवारांची यादी करून ठेवावी, असं कुणालाही सहज वाटेल. पण यादी कुठपर्यंत करायची? शेवटची तारीख तुम्ही दिलेलीच नाही. वाढदिवसाला तर ती नसतेच. आणि उद्या वेळ साडेसातची आठ झाली, तर त्या शेकडो नोंदी एकेक करून शोधायच्या आणि दुरुस्त करायच्या.

घरच्या दुधाच्या रतिबाचं बघा. दूधवाल्याच्या वहीत वर्षाच्या ३६५ ओळी नसतात. 'तिसरा मजला, रोज एक लिटर, रविवारी दीड', इतकी एकच ओळ असते. तुम्ही गावाला गेलात की तेवढे खाडे. पाहुणे आले की 'उद्या दोन द्या'. महिनाअखेरीस मूळ नियम घ्यायचा, खाडे वजा करायचे, वाढीव दूध मिळवायचं, की झालं बिल. कॅलेंडर ॲपची वही हुबेहूब अशीच असते: एक नियम, खाड्यांची एक यादी आणि त्या-त्या दिवसापुरते केलेले बदल.

ही वही कशी लिहायची याचा एक जागतिक नमुनाही ठरलेला आहे. आयकॅलेंडर नावाचं हे मानक १९९८ मध्ये आलं आणि २००९ मध्ये आरएफसी ५५४५ या क्रमांकाने सुधारून निघालं (आरएफसी म्हणजे इंटरनेटची मानकं ज्यांत लिहितात ते क्रमांकित दस्तऐवज). मीटिंगच्या आमंत्रणासोबत ईमेलला 'डॉट आयसीएस' अशी एक छोटी फाइल चिकटून येते ती हीच. गूगल, ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट यांची कॅलेंडरं एकमेकांशी बोलतात ती याच नमुन्यात. रोज, दर आठवड्याला, दरमहा की दरवर्षी, दर कितव्या खेपेला, कोणत्या वारी, कधीपर्यंत, हे सगळं त्यात एका ओळीत मावतं. 'दर महिन्याचा दुसरा शनिवार' हासुद्धा. तुम्ही एप्रिलचं पान उघडलंत की ॲप त्या ओळीवरून एप्रिलपुरत्या तारखा काढून दाखवतं. मीटिंगच्या वेळा एकमेकींवर आदळतात का, हे चटकन सांगता यावं म्हणून बरीच ॲप्स पुढच्या काही काळाच्या तारखा आधीच काढून हाताशी ठेवतात, पण त्या केवळ सोयीपुरत्या. खरी नोंद म्हणजे नियम.

नियम लिहिणंही वाटतं तितकं सरळ नाही. या मानकातच एक सुरेख उदाहरण आहे. ५ ऑगस्ट १९९७ या मंगळवारपासून 'एक आठवडा सोडून, मंगळवारी आणि रविवारी, एकूण चार वेळा'. या तारखा कोणत्या? आठवडा सोमवारी सुरू होतो असं धरलं तर ५, १०, १९ आणि २४. रविवारी सुरू होतो असं धरलं तर ५, १७, १९ आणि ३१. नियम शब्दशः तोच, तारखा मात्र निम्म्या वेगळ्या. आठवड्याचा पहिला दिवस कोणता, हे कुणी बोलून दाखवत नाही. यंत्राला ते सांगावंच लागतं.

'फक्त हीच' की 'इथून पुढच्या सगळ्या'?

पुन्हा येणाऱ्या मीटिंगची वेळ बदलायला गेलं की ॲप एक प्रश्न विचारतं आणि बरेच जण तो न वाचताच बोट दाबतात. फक्त हीच मीटिंग बदलायची, ही आणि यापुढच्या सगळ्या, की सरसकट सगळ्याच? तिन्ही पर्यायांमध्ये वहीत वेगवेगळं काम होतं.

'फक्त हीच' म्हणजे उद्याचं दोन लिटर. मूळ नियमाला हात लागत नाही. बाजूला एक टीप पडते. ही टीप मूळ तारखेने ओळखली जाते. सोमवार १६ ची मीटिंग मंगळवार १७ वर ढकललीत, तरी ॲपच्या लेखी ती '१६ तारखेची, आता १७ ला असलेली' मीटिंगच राहते. तसं नसतं तर नियमाप्रमाणे १६ ची मीटिंग पुन्हा उगवली असती आणि १७ ची वेगळीच दिसली असती. दोन वेगळ्या कंपन्यांच्या कॅलेंडरांमध्ये आमंत्रण जाऊन येतं तेव्हा अधूनमधून अशी भुतं दिसतात, ती बहुधा ही टीप वाटेत गळाल्यामुळे.

'ही आणि यापुढच्या' हा प्रकार 'एक तारखेपासून अर्धाच लिटर' यासारखा. शहाणी ॲप्स इथे जुना नियम आदल्या दिवशी बंद करतात आणि नवा नियम सुरू करतात. म्हणजे तुम्हाला एकच दिसणारी मालिका आत दोन झालेली असते. बदल केल्यावर जुन्या मीटिंगांच्या टिपा किंवा कोण येणार-कोण नाही याची उत्तरं गायब झाली, अशी तक्रार ऐकू येते तिचं मूळ बरेचदा इथे असतं.

तिसरा पर्याय, 'सगळ्याच', मला धोक्याचा वाटतो. तो झालेल्या गोष्टीही बदलतो. शिकवणीची वेळ जूनमध्ये पाचची सहा केली आणि 'सगळ्याच' दाबलं, की एप्रिल-मे महिन्यांतले तासही सहाला झाले असं कॅलेंडर सांगू लागतं. त्यावरून कुणी हिशेब काढत असेल तर मग बघायलाच नको.

३१ तारखेला दरमहा म्हणजे वर्षातून किती वेळा?

आयकॅलेंडरच्या नियमाप्रमाणे, सात. ज्या महिन्यात ३१ तारीख नाही तो महिना सरळ वगळायचा, असं ते मानक सांगतं. तर्काला धरून आहे, पण घरभाड्याची आठवण म्हणून निरुपयोगी. म्हणून बरीच ॲप्स 'नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस' असा अर्थ लावतात. २०१५ मध्ये मानकाला जोडलेल्या आरएफसी ७५२९ या पुरवणीने हा निर्णय नियम लिहिणाऱ्यावर सोडला: दिवस नसेल तर वगळा, मागे या किंवा पुढे जा.

इथे एक जुनी चूक पुन्हा पुन्हा होते. प्रोग्राम लिहिणारा मूळ नियमाकडे न बघता मागच्या तारखेत एक महिना मिळवत जातो. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला, फेब्रुवारी अपुरा म्हणून २८ फेब्रुवारी आली. त्यात एक महिना मिळवला, २८ मार्च. मग २८ एप्रिल. एकदा घसरलेली तारीख पुन्हा कधीच ३१ वर चढत नाही. 'महिन्याची ३१, नसेल तर शेवटचा दिवस' हा नियम जपून दर वेळी त्यावरून तारीख काढली असती तर मार्चमध्ये ती आपोआप जागेवर आली असती. कित्येक ठिकाणी एसआयपीसाठी १ ते २८ मधलीच तारीख निवडू देतात, त्यामागची सोय हीच.

२९ फेब्रुवारी ही याच घराण्यातली. २९ फेब्रुवारी २०१२ ला मायक्रोसॉफ्टची ॲझ्युअर ही क्लाउड सेवा तासन्‌तास कोलमडली. आतली एक यंत्रणा वर्षभर चालणारं प्रमाणपत्र बनवत होती आणि मुदत काढताना तिने वर्षाच्या आकड्यात फक्त एक मिळवला. उत्तर आलं २९ फेब्रुवारी २०१३. अशी तारीखच नाही.

साडेसात खरे, पण कुणाच्या घड्याळाचे?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे. पहिली मीटिंग न्यूयॉर्कच्या माणसाने 'सोमवारी सकाळी नऊ, न्यूयॉर्कची वेळ' अशी लावली होती. हिवाळ्यात तिथले नऊ म्हणजे आपले साडेसात. घड्याळ पुढे गेलं की तिथले नऊ म्हणजे आपले साडेसहा. नियमाने न्यूयॉर्कचे नऊ सांभाळले आणि आपली संध्याकाळ सरकली. दुसरी मीटिंग पुण्यातून 'साडेसात, भारतीय वेळ' अशी लागली होती, म्हणून ती इथे स्थिर राहिली आणि सरकण्याचा त्रास तिकडे गेला. मीटिंग लावणाऱ्याचं घड्याळ चालतं, एवढाच यातला कायदा. रात्री नऊनंतरच्या कॉलांनी त्रासलेल्या टीमने मीटिंग कुणी लावायची हे आधी ठरवावं, असं माझं मत आहे. तांत्रिक बाब वाटते, पण संध्याकाळचा एक तास कुणाचा जाणार हे त्यावर ठरतं.

'भारतीय वेळ' ॲपमध्ये लिहिलेली असते ती 'आशिया/कोलकाता' या नावाने. फोनच्या सेटिंगमध्ये ते पाहून 'मुंबई का नाही?' असं अनेकांना वाटतं. जगभरच्या प्रमाणवेळांची एक सामाईक यादी आहे, आणि प्रत्येक क्षेत्राला तिथल्या एखाद्या मोठ्या शहराचं नाव द्यायचं अशी तिची रीत. १९८० च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ही यादी सुरू केली. आज जवळपास प्रत्येक फोन आणि सर्व्हर तिच्यावर चालतो, आणि तिची निगा प्रामुख्याने स्वयंसेवक राखतात. कोणत्या देशाने कोणत्या साली घड्याळ किती हलवलं, याचा इतिहास तिच्यात आहे. आपलाही आहे: दुसऱ्या महायुद्धात भारताचं घड्याळ तासभर पुढे होतं, हे त्यात नोंदलेलं आहे.

काही नोंदींची वेळ कोणत्याच शहराची नसते. सकाळी आठची गोळी ही तुम्ही दुबईला गेलात तर दुबईच्या आठला घ्यायची. मीटिंग मात्र दुबईत गेल्यावरही पुण्याच्या वेळेलाच व्हायला हवी. आयकॅलेंडरमध्ये पहिल्या प्रकाराला 'तरंगती वेळ' म्हणता येईल अशी सोय आहे: आकडा लिहायचा, शहर लिहायचं नाही. ॲप कोणता प्रकार गृहीत धरतं हे प्रवासात कळतं, तेही बहुधा चुकीच्या वेळी अलार्म वाजल्यावर.

सगळं एकाच जागतिक वेळेत ठेवलं तर?

संगणकाची थोडी ओळख असलेला माणूस इथे हमखास हा प्रश्न विचारतो. यूटीसी म्हणजे जगाने मान्य केलेली आधारवेळ. भारत तिच्या साडेपाच तास पुढे आहे. प्रत्येक नोंद यूटीसीत ठेवायची आणि दाखवताना स्थानिक वेळेत फिरवायची, मग घोळ कशाला होईल?

जे घडून गेलं त्याच्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. पैसे कधी गेले, संदेश कधी आला, हे यूटीसीतच ठेवावं. भविष्यासाठी मात्र ती अपुरी पडते, कारण घड्याळं सरकार ठरवतं आणि सरकार ऐन वेळी विचार बदलू शकतं.

मार्च २०२३ मध्ये लेबनॉनने ते करून दाखवलं. २५ आणि २६ मार्चच्या मधल्या रात्री तिथली घड्याळं पुढे जायची होती. दोन-तीन दिवस आधी काळजीवाहू पंतप्रधान नजीब मिकाती यांनी ते रमजान संपेपर्यंत लांबवलं. चर्च आणि काही वृत्तवाहिन्यांनी ते मानलं नाही, ठरल्याप्रमाणे घड्याळं पुढे केली आणि एकाच देशात दोन वेळा चालू लागल्या. गदारोळ झाल्यावर २७ मार्चला सरकारने निर्णय फिरवला.

आता समजा बैरुतमधल्या कुणी महिनाभर आधी ३ एप्रिलची सकाळी दहाची दाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे एप्रिलमध्ये बैरुत यूटीसीच्या तीन तास पुढे असायला हवं, म्हणून ॲपने 'यूटीसी सात' अशी नोंद केली. सरकारने बदल लांबवला की बैरुत दोनच तास पुढे राहणार, आणि तीच नोंद नऊ वाजता दिसणार. डॉक्टर तर त्यांच्या भिंतीवरच्या दहालाच येणार. माणसाने सांगितलेलं 'बैरुतचे दहा' ॲपने फेकून दिलं आणि त्यावरून घाईने काढलेलं उत्तर तेवढं जपलं. 'दहा वाजता, बैरुत' असं ठेवलं असतं तर सरकारने कितीही वेळा विचार बदलला तरी प्रमाणवेळांची यादी अद्ययावत झाल्याबरोबर उत्तर बरोबर आलं असतं.

घड्याळ हलवण्याच्या रात्रीच्या खोड्या आणखी वेगळ्या. अमेरिकेत मार्चमधल्या त्या रविवारी पहाटे दोननंतर थेट तीन वाजतात, त्यामुळे अडीच वाजतच नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दीड दोनदा वाजतो. पहाटे अडीचला रोज चालणारं बॅकअप मार्चमध्ये त्या रात्री चालवायचं की नाही, आणि दीडचं काम नोव्हेंबरमध्ये दोनदा करायचं का? म्हणूनच सर्व्हर सांभाळणारे महत्त्वाची कामं पहाटे एक ते तीनच्या मध्ये लावायला कचरतात.

आपल्याकडे घड्याळ हलत नाही, मग आपल्याला काय त्याचं?

आपलं घड्याळ हलत नाही हे खरं, पण आपल्याकडे तिथी आहे. आईचा वाढदिवस तिथीने करायचा तर कॅलेंडर ॲपचा 'दरवर्षी' हा पर्याय उपयोगाचा नाही. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला. साध्या मोजणीने ही उडी काढता येत नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. त्याला कधी १९ तास लागतात, कधी २६. एरवी सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, पण गणेश चतुर्थीला माध्यान्हीची बघतात. सूर्योदय मुंबईत वेगळा आणि न्यू जर्सीत वेगळा, त्यामुळे तिथल्या मराठी मंडळाची तारीख प्रसंगी एक दिवसाने वेगळी येऊ शकते.

त्यात २०२६ मध्ये अधिक मास आहे: १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. ज्येष्ठातल्या तिथीचा वाढदिवस त्या वर्षी अधिकात धरायचा की निजात? रीतीप्रमाणे निजात. पण 'रीतीप्रमाणे' हे ॲपला कुणीतरी सांगावं लागतं. आरएफसी ७५२९ मुळे ग्रेगोरियनखेरीज इतर कालगणनांतही आवर्ती नियम लिहिण्याची वाट मोकळी झाली. तरी सणवारांसाठी बहुतेक ठिकाणी साधा मार्ग चालतो: पंचांगकर्त्याने काढलेल्या तारखांची तयार यादी घ्यायची आणि दरवर्षी ताजी करायची. म्हणजे इथे नियम ॲपबाहेर, पंचांगकर्त्याकडे राहतो.

बँकेच्या सुट्ट्याही अशाच. १ सप्टेंबर २०१५ पासून बँका दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. हप्त्याची तारीख सुट्टीवर आली की वसुली पुढच्या कामाच्या दिवशी जायची. १ ऑगस्ट २०२१ पासून हप्ते वळते करणारी नॅच ही व्यवस्था आठवड्याचे सातही दिवस सुरू झाली आणि 'आज रविवार आहे, उद्या भरू' हा दिलासा गेला.

वेळ झाली हे यंत्राला कळतं कसं?

नियमावरून पुढची वेळ काढली, पण त्या क्षणी जागं कोण करणार? प्रत्येक कामासाठी वेगळा पहारेकरी ठेवला जात नाही. सगळी कामं वेळेच्या क्रमाने रांगेत लावतात आणि फक्त पहिल्यावर नजर ठेवतात. ते झालं की नियमाला विचारून त्याची पुढची वेळ काढायची आणि ते पुन्हा रांगेत योग्य जागी घालायचं.

सर्व्हरच्या जगात हे काम करणारा सगळ्यात जुना गडी म्हणजे क्रॉन. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत जन्मलेला हा प्रोग्राम आजही जगभर कामाला आहे. त्याला पाच रकाने भरून द्यायचे: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. '३० १९ * * १' म्हणजे दर सोमवारी साडेसात; तारा म्हणजे 'कोणताही'. दिसायला सुटसुटीत, पण त्यात एक सुरुंग पेरलेला आहे. समजा, दुसऱ्या शनिवारी सकाळी दहाला काम चालवायचं आहे. दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ तारखांमध्येच येतो, म्हणून कुणीही हुशार माणूस लिहील: '० १० ८-१४ * ६'. क्रॉन मात्र तारीख आणि वार दोन्ही दिले की 'आणि' ऐवजी 'किंवा' असा अर्थ घेतो. काम ८ ते १४ तारखांना रोज चालतं आणि शिवाय प्रत्येक शनिवारी. या एका 'किंवा'ने किती जणांची झोप उडवली असेल, त्याची गणती नाही.

फोनची अडचण निराळी. त्याला बॅटरी वाचवायची असते. अँड्रॉइडने २०१३ च्या आवृत्तीपासून ॲप्सचे अलार्म थोडे पुढे ढकलून एकत्र वाजवायला सुरुवात केली. २०१५ मध्ये आलेल्या पद्धतीत फोन टेबलावर निवांत पडलेला असला की पार्श्वभूमीतली कामं अधूनमधूनच करू दिली जातात. ॲपला नेमक्या मिनिटाला जागं व्हायचं असेल तर अँड्रॉइड १२ पासून त्याची वेगळी परवानगी लागते. औषधाची आठवण देणारं ॲप वीस मिनिटं उशिरा जागं होत असेल, तर आधी ही परवानगी आणि बॅटरी बचतीची सेटिंग बघा. अर्थात सगळा दोष सेटिंगचा असतो असंही नाही. १ आणि २ जानेवारी २०११ ला आयफोनचे एकदाच वाजायचे अलार्म जगभर वाजले नाहीत, आणि ती ॲपलची स्वतःची चूक होती.

सगळ्यांचे दहा एकदमच वाजतात

माणसाला गोल आकडे आवडतात. दहा वाजता, एक तारखेला, रात्री बाराला. लाखो जणांनी तसंच ठरवलं की यंत्रणेवर एकाच क्षणी धाड पडते. सकाळी दहाला एसी आणि अकराला विनावातानुकूलित तत्काळ तिकिटं सुटतात तेव्हा काय होतं, ते वेगळं सांगायला नको. तिथे वेळ सगळ्यांना सारखी असायलाच हवी. पण ओटीटीची वर्गणी दहालाच वळती झाली पाहिजे असा कुणाचाच हट्ट नसतो. म्हणून यंत्रणा चालवणारे अशी कामं मुद्दाम विखरून टाकतात.

यूपीआयच्या ऑटोपेचं नेमकं हेच झालं. १ ऑगस्ट २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने ही वसुली गर्दीच्या वेळेबाहेर ढकलली. सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री साडेनऊ या गर्दीच्या वेळा. त्यामुळे पैसे सकाळी दहाच्या आत, दुपारी एक ते पाचच्या दरम्यान किंवा रात्री साडेनऊनंतर जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. ती तुम्हाला दिवस सांगते. त्या दिवसातला क्षण यंत्रणा स्वतःच्या सोयीने निवडते.

'एकदा चुकलं तर पुन्हा प्रयत्न होईल, मग पैसे दोनदा गेले तर?' ही भीती रास्त आहे. बँकेने पैसे वळते केले, पण 'झालं' हा निरोप वाटेत हरवला, तर मागणाऱ्याला वाटणार काम राहिलं, आणि तो पुन्हा मागणार. यावर तोडगा म्हणजे प्रत्येक खेपेला एक ओळखक्रमांक: 'या वर्गणीची सप्टेंबरची खेप'. त्याच क्रमांकाची मागणी पुन्हा आली तर नीट बांधलेली यंत्रणा पैसे पुन्हा काढत नाही, आधीचंच उत्तर परत पाठवते. पुनर्प्रयत्नांनाही मर्यादा आहे. ऑटोपेमध्ये एक मूळ प्रयत्न आणि जास्तीत जास्त तीन पुनर्प्रयत्न, तेही गर्दीच्या वेळा टाळून.

पहिला प्रयत्न मध्यरात्रीनंतर कधीही होऊ शकतो. त्यामुळे ५ तारखेच्या वसुलीसाठी ५ ला सकाळी अकराला खात्यात पैसे टाकणं म्हणजे कदाचित पहिली खेप हुकवणं. पैसे ४ तारखेच्या रात्रीच खात्यात असू द्या.